न मारलेला शॉट: खेळाडूची ठरवून वागण्याची सवय घरी आणि कचेरीत आणता येते का?

बाकावरची आई यांचा प्रश्न:

नमस्कार. माझी मुलगी पंधरा वर्षांची असून गेली दोन वर्षे ती बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. आठवड्यातून चार दिवस तिला तिथे पोहोचवायचे, दोन-अडीच तास मागच्या बाकावर बसायचे आणि अंधार पडल्यावर बाणेर रस्त्याच्या गर्दीतून परत आणायचे, असा माझा नेम आहे. मी एका बँकेत कर्जप्रकरणे तपासण्याचे काम करते, त्यामुळे बाकावरचा तो वेळही बहुधा फोनवरून कार्यालयाला उत्तरे देण्यातच जातो. गेल्या महिन्यात एके दिवशी फोनची बॅटरी संपली आणि करायला दुसरे काही नसल्यामुळे दोन वर्षांत पहिल्यांदाच मी मुलीचा सराव खऱ्या अर्थाने पाहिला.

पंधरा मिनिटांत तिने चौदा वेळा रायफल उचलली आणि शॉट मात्र नऊच मारले. उरलेल्या पाच वेळा तिने रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, काही सेकंद नेम धरला आणि मग काहीही न करता ती खाली स्टँडवर ठेवली. परत येताना मी कारण विचारले, तेव्हा "जमून आलं नव्हतं," एवढेच ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना, कारण सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंतच्या माझ्या दिवसात, जमून आले नाही म्हणून मी खाली ठेवली अशी एकही गोष्ट मला आठवली नाही. फोनवर बोलता बोलता ईमेलला उत्तर देणे, भलत्याच विचारात असताना सासूबाईंना तोडून बोलणे, संध्याकाळी सहा वाजता डोळे जड झालेले असताना तीन फायलींवर सह्या करणे, हे सगळे केवळ उचलले होते म्हणून मारलेले शॉट आहेत.

मग मी मोठ्या उत्साहाने स्वतःला खेळाडू करायला घेतले. पहाटे पाचला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, फ्रिजवर ध्येयांचा तक्ता आणि फोनवर सवयी नोंदवण्याचे ॲप, असे सगळे एकोणीस दिवस चालले. विसाव्या दिवशी मी सव्वासातला उठले आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा उजळलेला दिसला. "घराचं शिबिर झालं होतं," हे यजमानांचे शब्द आहेत.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, ज्या माणसाला प्रशिक्षक नाही, स्पर्धेची तारीख नाही आणि समोरच्या पडद्यावर गुणही दिसत नाहीत, त्याने वरच्या दर्जाच्या खेळाडूच्या वृत्तीतून नेमके काय उचलावे? आणि दुसरे म्हणजे, घरासारख्या जागी असे मोजूनमापून वागणे शोभते तरी का?

निवृत्त प्रशिक्षक यांचा प्रतिसाद:

ताई, तुम्ही मुलीने न मारलेले शॉट मोजलेत, हे वाचून फार बरे वाटले. बाकावर बसलेले पालक सहसा पडद्यावरचा आकडाच मोजत असतात.

मी सैन्यात असताना नेमबाजी केली आणि निवृत्तीनंतर पुण्यात बरीच वर्षे मुलांना शिकवली, म्हणून आधी तुमची मुलगी तिथे नेमके काय करते ते सांगतो. दहा मीटरवरच्या त्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा असतो, म्हणजे ज्याला मारायचे ते मारणाऱ्या वस्तूपेक्षा कितीतरी लहान आहे. पात्रता फेरीत साठ शॉटसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात, म्हणजे सरासरीने एका शॉटला सव्वा मिनिट. वेळ भरपूर असतो. पण रायफल खांद्याला लावल्यानंतर तो भरपूर नसतो, कारण काही सेकंदांतच स्नायू थरथरू लागतात आणि डोळा थकतो. डोळ्याची गंमत अशी, की एकदा चांगला जुळलेला नेम तो मनात धरून ठेवतो आणि रायफल प्रत्यक्षात हलली तरी तेच जुने चित्र दाखवत राहतो. म्हणून ठरावीक क्षणांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पायांपासून सुरुवात करायची, हे आम्ही शिकवतो. अडचण शिकवण्यात नसते. "आता एवढा वेळ धरलंच आहे, तर मारून टाकू" हे मनातले वाक्य घालवायला मात्र वर्षे जातात. तुम्ही सासूबाईंना तोडून बोलता तेव्हा मनात बहुधा हेच वाक्य असते, फक्त ते ऐकू येत नाही.

लोकांना खेळाडूची वृत्ती म्हणजे दात-ओठ खाणारी जिद्द वाटते. रेंजवर अशी जिद्द पहिल्या दहा शॉटमध्येच उघडी पडते, कारण ती थेट ट्रिगरवरच्या बोटात उतरते. नेमबाजाचा हेतू फार मर्यादित असतो. पाय, कंबर, कोपर, गाल, श्वास, बोट आणि शॉट सुटल्यानंतरचा क्षणभराचा स्थिरपणा, अशी त्याची ठरलेली यादी असते आणि त्या यादीत पदक नसते. अभिनव बिंद्राचे उदाहरण पाहा. २००४ साली अथेन्सला पात्रता फेरीत तो तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. २००८ साली बीजिंगला पात्रता फेरीत चौथा असताना, अंतिम फेरीपूर्वीच्या चाचणी शॉटमध्ये त्याच्या लक्षात आले की रायफलची साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, बिघडलेली आहे. तिथे आरडाओरडा करण्यात किंवा कोणी केले याचा विचार करण्यात मिनिटे घालवता आली असती, पण त्याने साइट पुन्हा जुळवली आणि दहा शॉट मारले. शेवटच्या शॉटपूर्वी फिनलंडचा हेन्री हाक्किनेन त्याच्या बरोबरीत होता. बिंद्राने कमाल १०.९ पैकी १०.८ मारला आणि एकूण ७००.५ गुणांवर भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. स्वप्निल कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि पॅरिसच्या पदकापर्यंत मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो अंतिम फेरीत पुढे असताना ७.६ चा एक शॉट गेला आणि पदक हुकून तो चौथा आला. ती स्पर्धा २०२३ ची, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात, कांस्य जिंकले. मधल्या काळात त्याच्या मनात काय चालले होते हे मी सांगणार नाही, कारण मला ते माहीत असण्याचे कारण नाही. पण तसा एक शॉट गेल्यावर पुढचा शॉट 'भरपाई' म्हणून मारणारे शेकडो नेमबाज मी पाहिले आहेत आणि त्यांतले बहुतेक पुढच्या शॉटमध्ये आणखी खाली जातात.

आता तुमच्याबद्दल. पहाटे पाच आणि थंड पाणी यांचा नेमबाजीशी काहीही संबंध नाही, ते सोडलेत हे उत्तम केलेत. संपूर्ण दिवसाला शिस्त लावू नका, दिवसातला एकच शॉट निवडा. तुमच्या बाबतीत मी कर्जाच्या फायलीवरची सही निवडेन. सहीपूर्वी काय काय पाहायचे याची चार-पाच कलमे कागदावर लिहून ठेवा आणि मधेच फोन वाजला किंवा कोणी टेबलाशी आले तर पेन खाली ठेवा. नंतर पुन्हा सुरुवात करताना जिथे थांबलात तिथून करू नका, पहिल्या कलमापासून करा. हे कंटाळवाणे आहे, पण मुलगीही दर वेळी पायांपासूनच सुरू करते.

आणखी एक सवय आम्ही लावतो, तिला शॉट कॉल करणे म्हणतात. पडद्याकडे पाहण्याआधी नेमबाजाने आपला शॉट कुठे गेला ते स्वतः सांगायचे आणि मगच आकडा पाहायचा. सुरुवातीला दोन्ही जुळत नाहीत आणि हळूहळू जुळू लागतात. तुम्ही प्रकरण मंजूर करताना वहीत एकच ओळ लिहा, की हे प्रकरण पुढे कसे जाईल असे तुम्हाला वाटते आणि का. सहा महिन्यांनी ती ओळ उघडून पाहा. पडद्यावर गुण दिसत नाहीत अशी तुमची तक्रार आहे, तर तुमचा पडदा सहा महिन्यांनी उजळतो, इतकाच फरक आहे.

साशंक यांचा प्रतिसाद:

प्रशिक्षक महोदयांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्यातल्या सहीच्या सूचनेशी माझा काहीच वाद नाही. पण मूळ प्रश्नातला 'वरच्या दर्जाच्या खेळाडूची वृत्ती' हा शब्दप्रयोग मला खटकतो, कारण ती वृत्ती जणू त्या एका माणसाच्या डोक्यात तयार होते असे आपण गृहीत धरतो. ज्या खेळाडूला फक्त पुढच्या शॉटचा विचार करायचा असतो, त्याच्या बाकीच्या सगळ्या गोष्टींचा विचार दुसरे कोणीतरी करत असते. डबा कोणी केला, गाडी कोणी चालवली, स्पर्धेचा अर्ज कोणी भरला? या धाग्यापुरते उत्तर प्रश्नकर्तीच्या नावातच आहे.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण शाळेत जिद्दीची गोष्ट म्हणून ऐकतो. १९४८ साली लंडनला सहावे आलेले खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकू शकले, त्यामागे त्यांची कुस्ती होतीच. पण त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, हेही होते. पुढे ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. खेळाबाहेरच्या आयुष्यात ज्या गोष्टी त्यांना मिळायला हव्या होत्या आणि मिळाल्या नाहीत, त्या कोणत्याही वृत्तीने भरून निघणाऱ्या नव्हत्या.

शिवाय ज्यांना सगळे मिळाले त्यांचे काय झाले? बीजिंगच्या सुवर्णानंतर आलेल्या पोकळीबद्दल बिंद्रा स्वतः बोलला आहे, आणि त्याच स्पर्धेत आठ सुवर्णपदके जिंकणारा जलतरणपटू मायकेल फेल्प्स नैराश्याशी झालेल्या झगड्याबद्दल जाहीरपणे बोलत आला आहे. एका तारखेकडे रोखलेले आयुष्य ती तारीख उलटल्यावर कुठे रोखायचे, हे त्यांनाही नव्याने शिकावे लागले. ज्यांचे आयुष्य मुळातच तारखांविना चालते, त्यांनी ही रीत विचार करूनच उचलावी.

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि तिथे 'चॅम्पियनची मानसिकता' या विषयावर दर तिमाहीला एखादे भाषण असतेच. त्या भाषणाचा अर्थ शेवटी चौदा तास काम करा इतकाच निघतो. प्रत्यक्षात खेळाडू विश्रांती जितकी ठरवून घेतो तितकी आमच्या कचेरीत कोणीही घेत नाही. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. सरावाच्या तासांसाठी तो सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातले सर्वांत चांगले वादक मर्यादित लांबीच्या सत्रांत सराव करत आणि दुपारी झोपही काढत, हा भाग भाषणात कधी येत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरांची महाराष्ट्राने इतकी वर्षे केलेली थट्टा या निमित्ताने मागे घ्यायला हरकत नाही.

नववा गडी यांचा प्रतिसाद:

मी विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलो आहे आणि आता भोसरीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. या धाग्यात सगळी चर्चा एकट्याने खेळायच्या खेळाची चालली आहे, म्हणून मधे तोंड घालतो. ज्या खेळाचे नियम १९१४ साली याच शहरात, डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, त्याची आठवण पुणेकरांना कोणीतरी करून द्यायलाच हवी.

खो-खोत आठ जण बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. एकदा त्याने दिशा धरली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला मागे वळता येत नाही, त्यामुळे पहिले पाऊल टाकण्याआधीच विचार करावा लागतो. पण माझ्या मते त्या खेळातली सर्वांत ठरवून करायची कृती म्हणजे खो देणे. पळणारा गडी दोन हातांवर असतो, आणखी चार पावलांत तो आपल्याला मिळेल असे वाटत असते, आणि तरीही बसलेल्यांपैकी एक जण त्याच्या अधिक जवळ आहे हे दिसताच आपण खो देतो. कच्चा खेळाडू ती चार पावले पळतो आणि दमतो.

वर्कशॉप सुरू केल्यावर मी नेमका तो कच्चा खेळाडू झालो. दर काढणे, मशीनवर जॉब लावणे, माल तपासणे, बिले, बँक, सगळे मीच. माझ्याकडे दहा वर्षे काम करणारा एक कारागीर आहे, त्याने एकदा शांतपणे विचारले, "साहेब, आम्ही नुसतं बसायचं का?" त्या दिवसापासून जॉब लावण्याचे काम मी त्याला दिले. दिले म्हणजे काय, तर पहिले तीन महिने त्याच्या मागे उभा राहून पाहत होतो. खो-खोत हे चालत नाही. ज्याला खो दिला त्याच्या जागी आपण बसायचे असते, तो नियम आहे, आणि बसणे हेच मला सर्वांत जड गेले.

साशंक यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण बसलेले आठ जण अदृश्य असतात हे मला मान्य नाही. ते अदृश्य असतात ते बाहेरून पाहणाऱ्याला, संघाला नव्हे. ताई, तुमच्या घरात बसलेले गडी कोण कोण आहेत? 'शिबिर' हा शब्द ज्यांना इतका चटकन सुचला, त्यांना उठवायला काय हरकत आहे?

डावा हात यांचा प्रतिसाद:

माझे वय अठ्ठावन्न आहे. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि डावा हात व डावा पाय दोन्ही गेले. पाय बऱ्यापैकी परत आला, हात अर्धा आला. मी आयुष्यात कोणताही खेळ खेळलेलो नाही, लहानपणी पर्वतीच्या पायऱ्यांवर मित्रांशी शर्यत लावली असेल तेवढीच. तरीही या प्रश्नावर बोलण्याचा थोडा अधिकार मला वाटतो, कारण मूळ प्रश्नातल्या माणसाकडे नसलेल्या गोष्टींपैकी दोन, म्हणजे प्रशिक्षक आणि गुण, मला आजारपणाने दिल्या, आणि वर सरावही दिला.

माझी फिजिओथेरपिस्ट पंचविशीतली मुलगी होती. तिने पहिल्या आठवड्यात मला रिकामा पेला उचलायला लावला, तोही तीस वेळा. मी चिडून म्हणालो, की यापेक्षा चालायला शिकवा. ती म्हणाली, "काका, चालणं सकाळी. आत्ता फक्त पेला." पेला उचलताना हात थरथरला तर काय करायचे हे तिने आधीच ठरवून दिले होते: ओढून धरायचे नाही, पेला टेबलावर ठेवायचा, तीन श्वास घ्यायचे आणि पुन्हा उचलायचा. प्रशिक्षकांचे रायफल खाली घेण्याचे वर्णन वाचताना मला तो पेला दिसत होता.

अमुक झाले तर तमुक करायचे, असे आधीच ठरवून ठेवण्यावर पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरेच काम केले आहे, हे मला नंतर मुलाकडून कळले. नुसते 'मी व्यायाम करीन' म्हणण्यापेक्षा 'चहा झाला की गच्चीवर जाईन' असे ठरवणारा माणूस ते प्रत्यक्षात करण्याची शक्यता अधिक असते, असा त्याचा सारांश. फेल्प्सचे नाव निघालेच आहे, तर बीजिंगच्या दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला भिंत दिसेनाशी झाली. किती हात मारल्यावर भिंत येते हे त्याला पाठ होते, म्हणून तो हात मोजत गेला आणि विश्वविक्रमासह जिंकला. दिसेनासे झाल्यावर काय करायचे हे दिसत असतानाच ठरवावे लागते, हे मला हात गेल्यावर पटले.

साशंक यांनी ज्या मर्यादा सांगितल्या त्या मी रोज पाहतो. घरी पत्नी नसती तर माझा पेला भरायलाही कोणी नव्हते. पण एक नाव मला त्यांच्या यादीत घालावेसे वाटते. मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. नंतर त्यांनी पुण्यातच टेल्कोत नोकरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे समाजाने उशीर केलाच. पण मुष्टियुद्ध गेले तेव्हा त्यांनी क्रीडाप्रकार बदलला, ही गोष्ट मला पदकापेक्षा मोठी वाटते. मी डाव्या हाताने तबला वाजवत असे. आता उजव्या हाताने बाजूला ताल धरतो आणि नातीला बोल शिकवतो. ही भरपाई आहे असे मी म्हणत नाही, तबला गेला तो गेलाच.

बाकावरची आई यांचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर:

सर्वांचे आभार. काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहिते.

प्रशिक्षक सरांनी सांगितल्याप्रमाणे मी फक्त सही निवडली. पाच कलमांचा कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि मधे व्यत्यय आला की पेन खाली. पहिल्या दिवशी एकच फाईल चार वेळा पहिल्या कलमापासून वाचावी लागली आणि मला रडू यायचे बाकी राहिले. दुसऱ्या आठवड्यात मात्र लक्षात आले की व्यत्यय बहुतेक करून अकरा ते एक या वेळात येतात. म्हणून सह्या साडेतीननंतर ठेवल्या आणि सहा वाजताच्या सह्या पूर्ण बंद केल्या. वरिष्ठांनी विचारले, तेव्हा उद्या सकाळी पहिली देते असे सांगितले. आश्चर्य म्हणजे त्यावर ते काहीच बोलले नाहीत. शॉट कॉलची वहीही सुरू केली आहे. तिच्यात सध्या सतरा ओळी आहेत आणि त्यांतल्या दोन लिहितानाच मला कळले की प्रकरण मंजूर करताना मला मनातून खात्री नव्हती. ती दोन्ही प्रकरणे मी परत मागवली.

खो देण्यात मात्र मी नापास झाले. सासूबाईंच्या औषधांचे काम यजमानांकडे दिले आणि पहिल्याच रात्री डबीतल्या गोळ्या पुन्हा मोजल्या. त्यांनी पाहिले. नववा गडी यांचा नियम त्यांना वाचून दाखवल्यापासून ते मला रात्री नऊ वाजता अक्षरशः खुर्चीत बसवतात. सासूबाईंना या व्यवस्थेची फार मौज वाटते. फ्रिजवरचा तक्ता आम्ही काढून टाकला, कारण घर मोजू नये असे माझे आता ठाम मत झाले आहे. साशंक यांचा मुद्दा मुलीला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा तिने स्वतः भरला. एकदाच, पण भरला.

परतीच्या वाटेवर 'आज किती झाले?' हा प्रश्नही मी बंद केला. पहिले दोन-तीन दिवस गाडीत नुसती शांतता होती. परवा सिग्नलला थांबलो असताना तिने आपणहून सांगितले की आज तिने बावीस वेळा रायफल खाली घेतली, आणि मग मला विचारले की आज माझ्या किती फायली खाली राहिल्या. तीन, असे मी सांगितले.

निवृत्त प्रशिक्षक यांचा प्रतिसाद:

बावीस जरा जास्त वाटतात. हे वय वाढीचे असते, त्यामुळे उंची वाढली की रायफलची बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, आणि जॅकेटचे माप दोन्ही बिघडतात आणि मुलांना वाटते की आपलेच काहीतरी चुकते आहे. गुरुवारी सरावाला जाल तेव्हा तिच्या प्रशिक्षकांना दोन्ही पुन्हा मोजायला सांगा.